फुरकानच्या नाकात, गजालाच्या दंडात

१२ ऑक्टोबर

अकोल्यातला पहिला दिवस आणि पहिल्याच दिवशी डोकं उठलं.

कागदावर किती सोपं होतं. आठ वर्षांपर्यंतच्या मुलांना फ्लूची लस द्यायची. अर्ध्यांना दंडात सुई, अर्ध्यांना नाकात फवारा. कोणाला काय मिळणार ते चिठ्ठी ठरवेल. मग कोणत्या लशीने मुलांच्या शरीरात काय घडतं ते त्यांचं आधीचं आणि नंतरचं रक्त तपासून बघायचं. निम्मी मुलं आमची अमरावतीची, निम्मी अकोल्याची. तपासणी सगळी माझ्या प्रयोगशाळेत. अकोल्याची बाजू बालरोगतज्ज्ञ डॉ. वाहेद सांभाळणार.

जुन्या शहरातून कुलसुमबी नावाची आजी दोन नातवंडं घेऊन आली. गजाला सात वर्षांची, फुरकान पाचचा. चिठ्ठीत गजालाला सुई निघाली, फुरकानला फवारा. आजी तिथेच अडून बसली. "एका घरात दोन औषधं काहून? एक चांगलं असन, एक खराब असन, तवाच तर दोन ठेवले."

मी म्हटलं, दोन्ही मंजूर झालेल्या लसी आहेत. सुईत मेलेल्या विषाणूचे तुकडे असतात. फवाऱ्यात विषाणू जिवंत असतो पण दुबळा केलेला, नाकाच्या थंडाव्यात थोडा वाढतो, खाली छातीत टिकत नाही. शरीराला त्याची ओळख मात्र होऊन जाते. माझं समजावणं चांगलं असतं असं विद्यार्थी म्हणतात. पण 'जिवंत' म्हटल्याबरोबर म्हातारी उठून चपला घालायला लागली.

वाहेदने तिला परत बसवलं, चहा मागवला आणि अर्धा तास तिच्याशी कोणाच्या तरी निकाहाबद्दल बोलत बसला. लशीचं नाव नाही. मग तीच म्हणाली, चला, द्या काय द्यायचं ते.

अर्धा तास एका घरामागे. अशाने हे काम कधी उरकणार?

फुरकानने फवारा घेऊन एक शिंक दिली आणि मोकळा झाला. गजाला रडली नाही. दंड धरून भावाकडे बघत राहिली.

१० नोव्हेंबर

दुसरा डोस. ज्या मुलांनी आधी कधी ही लस घेतली नाही त्यांना महिनाभराने पुन्हा द्यावी लागते. अमरावतीत गळती जास्त, अकोल्यात जवळजवळ सगळी आली. काय योगायोग कोण जाणे.

विभागप्रमुख राऊत सरांनी आज नाकाच्या नमुन्यांची तपासणी यादीतून काढून टाकली. नाकात मऊ कागदी पट्टी मिनिटभर ठेवायची, ओलावा टिपायचा, इतकंच ते काम. मी म्हटलं, फवारा नाकात देतो तर नाकात काय होतं ते बघायला नको का?

सर म्हणाले, "रक्ताचे आकडे जगभर मान्य आहेत. शेंबूड कोणाला दाखवणार आहेस?"

नमुने घेऊन ठेवायला हरकत नाही म्हणाले. म्हणजे फ्रीझर भरायचा आणि बघायचं काहीच नाही.

९ डिसेंबर

रक्त काढण्याचा दिवस. एका पोराने माझ्या मनगटाला चावा घेतला. त्याच्या आईने मलाच विचारलं, लागलं तर नाही ना त्याले.

अकोल्याच्या केंद्रावर चंदा सिस्टर आहे म्हणून निभतं. एका हाताने पोर धरते, दुसऱ्याने बाटलीवर चिठ्ठी लावते. तोंडाने गाणंही चालू असतं. वाहेद प्रत्येक आईबापाशी गप्पा मारत फिरतो. मी आज त्याला स्पष्ट म्हटलं, डॉक्टर, बर्फाच्या डब्यांकडे जरा लक्ष द्या. तो म्हणाला, "देलं आहे, मॅडम." एवढंच. रागही आला नाही त्याला. अशा माणसांशी भांडताही येत नाही.

६ जानेवारी

पहिली फेरी तपासून झाली. दोनदा करून बघितलं.

सुईवाल्या मुलांच्या रक्तात प्रतिपिंडं छान चढली आहेत. फवाऱ्यावाल्यांची रेघ जवळजवळ सपाट. काही मुलांत थोडी हालचाल, बाकीच्यांत ऑक्टोबरचा आकडा आणि आताचा आकडा शेजारी ठेवले तर कोणता कोणता ते सांगता येणार नाही.

मला फवारा चालायला हवा होता. इथे कशाला लपवायचं. चिखलदऱ्याच्या वरच्या गावांत सुई म्हटली की पोरं शेताकडे पळतात आणि मास्तर हात वर करतात. फवारा असता तर शाळेत प्रार्थनेनंतर रांगेत उभं करून काम झालं असतं. अडीच वर्षं या प्रस्तावामागे घातली आहेत मी.

बर्फ वितळला असणार. अकोल्याचा. तिथूनच डबे बडनेऱ्याला रेल्वेने येतात. (अमरावतीच्या मुलांचे आकडेही असेच आहेत. पण ती पुढची गोष्ट.)

ताबडतोब अकोल्याला फोन लावला. वाहेद जागेवर नव्हता, कोणाच्या घरी गेला होता. कायम कोणाच्या ना कोणाच्या घरी. चंदा सिस्टरने उचलला. तिचे हात गुंतले होते म्हणून फोन स्पीकरवर टाकून टेबलावर ठेवला होता, मागे पोरांचा आणि बायांचा कलकलाट. मला इतका संताप आला होता की सरळ म्हटलं, "सिस्टर, तुमच्या डॉक्टरांना सांगा, फवारावाल्या पोरांच्या रक्तात काहीच नाही. नुसतं पाणी मारल्यासारखं आहे. डबे कसे पाठवता तुम्ही?"

ती मग म्हणाली, "मॅडम, मी मंग लावते फोन." लावला नाही.

१५ जानेवारी

आता हे नवीन.

अकोल्यात अफवा उठली आहे की नाकवाल्या पोरांना नुसतं पाणी मारलं. खरं औषध सुईत, नाकात पाणी. पुढच्या तपासणीला येणार नाही म्हणून चार-पाच घरांनी सांगून टाकलं, बाकीचे फोन उचलत नाहीत. 'पाणी' हा शब्द लोकांच्या डोक्यात आला तरी कुठून? निकाल अजून आमच्या विभागाबाहेर गेलेला नाही. मला, सरांना आणि वाहेदला, तिघांनाच माहीत.

सर कोणाला बोलले नसतील. मी बोलले नाही. राहिलं कोण? जो घरोघरी चहा पीत फिरतो तो.

वाहेदला कडक मेल लिहिला, प्रत सरांना. लिहिलं की अभ्यासाची माहिती सहभागी कुटुंबांसमोर उघड करणं ही गंभीर बाब आहे आणि याची जबाबदारी अकोला केंद्राची आहे. 'केंद्राची' लिहिलं, 'तुमची' नाही. तेवढं भान ठेवलं.

संध्याकाळी त्याचं उत्तर आलं. "घरांशी मी बोलतो."

नाकारलं नाही, म्हणजे झालंच की.

१७ जानेवारी

चंदा सिस्टरचा फोन. आवाज दबलेला. "मॅडम, राग नका मानू. पाण्याचं त्या दिवशी तुमीच बोलले होते ना फोनवर. इथं त्या बाया बसून होत्या."

मी तिला म्हटलं, मी 'पाणी मारल्यासारखं' म्हटलं होतं. 'पाणी मारलं' असं नाही. 'सारखं' या शब्दाला मराठीत काही अर्थ आहे की नाही? आणि मी रक्ताबद्दल बोलत होते, लशीबद्दल नाही. ऐकणाऱ्याने अर्धं ऐकलं तर त्याला मी काय करणार. फोन स्पीकरवर टाकायला मी सांगितलं होतं का?

"नाही, मॅडम," म्हणाली.

जेवण गेलं नाही. नवरा विचारत होता काय झालं. काही नाही म्हटलं.

२१ जानेवारी

स्वतः अकोल्याला गेले. आपण समजावलं तर समजतील असं वाटत होतं.

पहिलंच घर कुलसुमबीचं. ती सुपात तांदूळ निवडत दारात बसली होती. मला बघून उठली नाही. "पोट्टीले खरं देलं अन् पोट्ट्याले पाणी. हा कुठला न्याय, बाई? माह्या फुरकानले पण सुई लाव आता, तवाच पुढचं रक्त भेटीन."

मी म्हटलं, पाणी नव्हतं, बी. लसच होती. पण ती रक्तात कमी दिसते.

"दिसत नाही तर हाय कशावरून?"

मी सांगितलं की शरीर वेगवेगळ्या ठिकाणी पहारा ठेवतं. सुईने जो तयार होतो तो रक्तात फिरतो. फवाऱ्याने कदाचित नाकातच उभा राहतो, आत शिरण्याच्या दारावर. तिने सुपातला खडा वेचून टाकला. "कदाचित," म्हणाली. मी बोललेल्या सगळ्यातून तिने तो एकच शब्द उचलला.

फुरकानला सुई दिली तर त्याचे आकडे बाद होतात. नाही दिली तर तो येतच नाही. मी म्हटलं, अभ्यास संपल्यावर नक्की देऊ. ती पुन्हा खडे वेचायला लागली.

निघताना म्हणाली, "तो वाहेद डॉक्टर येऊन गेला परवा. म्हणे, खाला, माह्याच बोलण्यात चुकी झाली, पाणी नाही थे, माह्यावर भरोसा ठेव. त्याच्याकडं पाहून ऐकून घेतलं. नाहीतर माहा पोरगा तर सेंटरवर भांडाले जाऊन राहिला होता."

पुढच्या तिन्ही घरांत तेच ऐकलं. डॉक्टर येऊन गेले, चूक माझी म्हणाले.

म्हणजे कबूल केलं त्याने. निदान लोकांसमोर तरी. गाडीत बसल्यावर बरं वाटायला हवं होतं, वाटलं नाही. मूर्तिजापूर येईपर्यंत खिडकीबाहेर तुरीची धसकटं बघत बसले.

४ फेब्रुवारी

कुलसुमबीच्या घरी फ्लू शिरला. बाळापूरला निकाहाला सगळे गेले होते, तिथून घेऊन आले. वाहेदने सगळ्यांच्या नाका-घशाचे नमुने पाठवले. आजी आणि मुलांचा बाप दोघांनाही फ्लू. गजालालाही. फुरकान आजीच्या गोधडीत झोपतो, तिच्या ताटात जेवतो. त्याचा नमुना कोरा. शिंकसुद्धा नाही.

गजालाचा ताप दोन दिवसांत उतरला. आजी आठवडाभर उठली नाही, वाहेद रोज जाऊन बघत होता.

११ फेब्रुवारी

आता अफवा उलटी वाहते आहे. नाकातली लस पक्की, सुईतली कच्ची. जुन्या शहरातले सुईवाल्यांचे आईबाप चंदा सिस्टरला विचारतात, आमच्या पोरांना कमी प्रतीचं काहून देलं? जी घरं महिनाभर दार उघडत नव्हती ती आता रांगेत आहेत. कुलसुमबी सगळ्या गल्लीला सांगते आहे.

राऊत सरांना हे कुठून तरी कळलं. खूश. एका पत्रकाराला बोलावतो म्हणाले. मी म्हटलं, सर, एका घरातली दोन मुलं म्हणजे पुरावा नाही.

"लोकांना समजेल असं उदाहरण तर आहे."

"उदाहरण खोटं निघालं तर?"

"तुलाच फवारा हवा होता ना, रागिणी? आता मिळतोय तर अडवतेस कशाला?"

खरंच मला हवा होता. म्हणून तर जास्त चिडले. मी म्हटलं, पत्रकाराला बोलवायचं तर आधी नाकाचे नमुने तपासू द्या. नाहीतर मी त्याला रक्ताचे आकडे दाखवीन, तुमच्याच म्हणण्याप्रमाणे ते जगभर मान्य आहेत. सर बराच वेळ पेनचं टोपण काढत-लावत बसले. मग सही केली.

२८ फेब्रुवारी

नाकाचे निकाल आले.

फवारा घेतलेल्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त जणांच्या नाकातल्या ओलाव्यात प्रतिपिंडं वाढलेली आहेत. सुईवाल्यांच्या नाकात फारसा बदल नाही. म्हणजे रक्तात सपाट दिसत होतं तेव्हा नाकात काहीतरी चाललं होतं. आम्ही चुकीच्या खोलीत शोधत होतो. खुर्चीवरून उठून उगाच बाहेर व्हरांड्यात जाऊन आले.

मग राहवलं नाही म्हणून फुरकानचा नमुना काढून बघितला.

सपाट. नाकातही सपाट, रक्तातही.

गजालाचं रक्त तर अख्ख्या अभ्यासातल्या सगळ्यात चांगल्या आकड्यांपैकी आहे. फ्लू झाला तिला. आणि ज्याच्याकडे आमच्या मोजमापात काहीच नाही तो पोरगा आजीच्या कुशीत झोपून कोरडा राहिला.

आता काय लिहायचं? विषाणू घुसलेल्या पेशी हुडकून मारणाऱ्या पेशीही शरीरात असतात आणि जिवंत लशीने त्या जाग्या होतात म्हणतात. त्या आम्ही मोजल्या नाहीत. किंवा आजीचा खोकला नेमका त्याच्यापर्यंत पोचला नाही. किंवा आधी कधीतरी त्याला फ्लू होऊन गेला असेल. काहीही असेल. आणि गजालाचा ताप दोन दिवसांत गेला तो सुईमुळे गेला की ती सात वर्षांची आहे म्हणून, तेही सांगता येत नाही. प्रत्येक उत्तराच्या पोटात तीन प्रश्न. असं होतं तेव्हा टेबलावरचं सगळं हाताने खाली लोटून द्यावंसं वाटतं.

अजून एक. अकोल्याचे नमुने आमच्यापेक्षा चांगले टिकले आहेत. खराब झालेल्या पट्ट्या सगळ्या अमरावतीच्या निघाल्या. तिकडचा बर्फ कधीच वितळला नव्हता.

१९ मार्च

सरांनी पत्रकाराचा विषय काढलेला नाही. मीही नाही.

अकोल्याहून फोन येत राहतात. नाकातली चांगली असं मॅडमनी येऊन एकदा सगळ्यांसमोर सांगावं, मग शेवटच्या नमुन्याला शंभर टक्के येऊ. किती सोपं झालं असतं.

वाहेदला मेल लिहायला घेतला, चार वेळा. 'जानेवारीतील पत्रव्यवहाराच्या संदर्भात' अशी सुरुवात झाली की पुढे काही सुचत नाही. सगळे खोडले.

१२ एप्रिल

शेवटचा नमुना. अकोला सकाळी दहालाच तव्यासारखं तापलं होतं. मोर्णेच्या पुलावरून वाहेदच्या गाडीतून जुन्या शहरात गेलो. मागे चंदा सिस्टर, मांडीवर बर्फाचा डबा.

मी म्हटलं, "डॉक्टर, तो जानेवारीतला मेल."

"कोणता?"

"मी लिहिलेला. चूक तुमची नव्हती. स्पीकरवर मीच बोलले होते."

त्याने समोरच्या हातगाडीला वाट दिली. "मॅडम, लोकं एका माणसावर चिडले की परत येतात. सगळ्याईवर चिडले की येत नाहीत." मग काच थोडी खाली केली. "मेल मात्र लय कडक होता. माह्या बायकोनं वाचला. म्हणे, या बाईले घरी बोलवू नका."

चंदा सिस्टर मागे खाली मान घालून हसत होती. माझे कान तापले. माफी मागितली, दोघांची. त्याला बरीच वर्षं सराव असल्यासारखं त्याने ते पटकन संपवलं.

कुलसुमबीच्या ओट्यावर गल्ली जमली होती. आज तिने मला खुर्ची दिली, वर उशी टाकली. "सांग बाई याईले. नाकातली चांगली ना? माह्या फुरकानले काही झालं का?"

सगळे बघत होते. नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सगळ्या घरांचे नमुने तिथेच मिळाले असते. खोटंही पूर्ण झालं नसतं, निम्म्याहून जास्त मुलांच्या नाकात खरंच दिसलं आहे. मी वाहेदकडे बघितलं. तो चहाची कपबशी फिरवत बसला होता. या वेळी काही माझ्यासाठी बोलणार नव्हता.

मी म्हटलं, "मले माहीत नाही, बी."

"म्हंजे?"

"नाकातल्या औषधानं बऱ्याच लेकराईच्या नाकात पहारा उभा झाला. सुईनं रक्तात झाला. दोन्ही कामाचे आहेत. पण फुरकानच्या नाकात मले काही दिसलं नाही, रक्तातही नाही. तो कसा वाचला ते मी सांगू शकत नाही. अन् गजालाच्या रक्तात भरपूर होतं, तरी तिले ताप आला."

मागे कोणीतरी म्हणालं, पहा, पाणीच होतं. दोन बाया पोरांचे हात धरून उठल्या. मी थांबवलं नाही, काय सांगून थांबवणार होते.

कुलसुमबी म्हणाली, "मंग इतके महिने तू काय करून राहिली होती?"

"हेच पाहून राहिली होती."

"अन् एवढं रक्त घेऊन समजलं नाही."

"थोडं समजलं. पुरं नाही."

ती पुटपुटत उठली. शिकलेल्या बाईकडे सहा महिन्यांनी एवढंच, असं काहीतरी. आत तोंड करून ओरडली, "फुरकान, चल बाहीर, नाक शिंकरून ये."

चंदा सिस्टर आणि मी एकदमच म्हणालो, नको, नका शिंकरू, नाकातलंच पाहिजे. ओट्यावर बसलेले हसले. म्हातारी हसली नाही, पण तिने पोराला तसाच शेंबडा धरून माझ्यासमोर उभा केला. उठलेल्या दोघींपैकी एक दाराशी थांबली. दुसरी गेली.

मग गजाला आली. उंच झाली आहे. तिने बाही वर केली आणि अर्धवटच थांबली.

"मॅडम, सुई मले टोचली. तरी ताप मलेच काहून आला?"

फेब्रुवारीपासून हा प्रश्न ती मनात घेऊन बसली असावी. मला पहारा, दार, पेशी सगळं आठवलं आणि त्यातलं काहीच तिच्यासमोर ठेवावंसं वाटलं नाही.

"तेच पाहायचं आहे," मी म्हटलं.

तिने बाही खांद्यापर्यंत चढवून हात पुढे केला आणि तोंड फिरवलं नाही.

"पाहा मंग."